अनंता गुरुजींचं हवामान

भिवंडीतल्या जुन्या शिक्षकांना अनंता भोईर कोण ते विचारा, कुणी पटकन सांगणार नाही. ‘एकशे दोन’ म्हणा, लगेच सगळे हसतील. मला त्या हसण्याचा अजून राग येतो. ही माणसं अर्धीच गोष्ट सांगतात, कारण हसण्यासारखं जे काही आहे ते त्या अर्ध्या भागातच आहे. उरलेली अर्धी मी पाहिली आहे, म्हणून आज पुरती सांगते.

निजामपुऱ्याजवळच्या एका मराठी शाळेत मी पहिलीचा वर्ग घेत होते आणि अनंता गुरुजी चौथीचा. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. शाळेच्या दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे, म्हणजे लूमचे, कारखाने होते. आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं लूम चालवणाऱ्यांचीच. कुणी सोलापूरकडून आलेली, कुणी कोकणातली, काही इथल्याच आसपासच्या गावांतली.

गुरुजी टेमघरच्या पलीकडच्या गावातून सायकलवर येत. घरची थोडी भातशेती. त्यांच्या घरात मास्तर होणारे ते पहिले. उंच, किडकिडीत, पायजमा-शर्ट, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो आहोत. लाजणं हा त्यांचा स्वभावच होता. डब्यात सुकट असली की भिंतीकडे तोंड करून जेवायचे. बोलता बोलता तोंडातून ‘न्हाय’ निघून गेलं की थांबायचे आणि पुन्हा ‘नाही’ म्हणायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "गुरुजी, तुमच्या न्हायने कुणाचं काय बिघडतंय?" तर कानापर्यंत लाल झाले. पुढे आठवडाभर माझ्याशी नुसत्या मानेनेच बोलत होते.

पण वर्गात शिरला की हा माणूस वेगळा होई. पुस्तकातलं वाचून दाखवून मोकळे होणाऱ्यांतले ते नव्हते. नदीचा धडा असला की पोरांना घेऊन कामवारीच्या काठी जात. भूगोलात हवेचा धडा आला तेव्हा त्यांनी ठरवलं, वर्गाने स्वतः हवा मोजायची.

डब्याचा पत्रा कापून त्यांनी वातकुक्कुट केलं. तो कोंबडा कावळ्यासारखा दिसत होता, पण वाऱ्याकडे तोंड बरोबर करायचा. रंगाच्या डब्यात बाटली आणि बाटलीवर नरसाळं ठेवून पर्जन्यमापक झालं. महिना मार्चचा, त्यामुळे फळ्याच्या कोपऱ्यात रोज ‘पाऊस : नाही’ एवढंच लिहायचं असे, तरी ते लिहायला पोरांची भांडणं लागत. राहिला तापमापक. तो काही घरी करता येत नाही. गुरुजी शाळा सुटल्यावर धामणकर नाक्यावर गेले आणि औषधाच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने एक थर्मामीटर घेऊन आले.

तुम्हाला आता कळलंच असेल. तेव्हा आमच्यापैकी कुणालाही कळलं नाही. मलाही नाही, आणि ते माहीत नसल्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. आपल्या भाषेत तवा तापतो, ऊन तापतं आणि पोराच्या अंगातही ताप येतो. तापाला शब्द एकच, मग तो मोजायची यंत्रं दोन असतील हे कुणाच्या डोक्यात यावं? डॉक्टर तोंडात धरायला देतो ती काचेची नळी गुरुजींनी व्हरांड्याच्या खांबाला दोऱ्याने बांधली. व्हरांड्यावर पत्रे, बाजूला लूमची तापलेली भिंत. दुपारी पारा चढला आणि एकशे दोनवर जाऊन थांबला. गुरुजींनी फॅरनहाइटचा हिशेब करून त्याचे सेल्सिअस एकोणचाळीस काढले आणि दोन्ही आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले. त्या दिवशी ते डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे दोन. दुपारी एकशे दोन. तिसऱ्या दिवशी पहाटे चांगला गारवा होता, पोरं हात खिशात घालून आली, तरी एकशे दोन. मग तुळजाने विचारलं. तुळजा ही नामा नावाच्या लूम कामगाराची मुलगी, सोलापूरकडची, वर्गात सगळ्यांत हुशार. ती म्हणाली, "गुरुजी, सकाळी मला थंडी वाजत होती. मग हा आकडा खाली का येत नाही?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गुरुजींनी त्यावर रात्रभर विचार केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते उत्तर घेऊनच आले. पुस्तकात दोन शब्द होते, हवा आणि हवामान. आकाश, वारा, ऊन-गारवा यांची आत्ताची स्थिती ती हवा, ती घटकेघटकेला बदलते. आणि एखाद्या प्रदेशाची हवा पुष्कळ वर्षं पाहून जी सरासरी निघते ते हवामान, ते सहजासहजी बदलत नाही. गुरुजींनी वर्गाला सांगितलं, "वातकुक्कुट रोज फिरतं, म्हणून ते हवा दाखवतं. हा आकडा बदलत नाही. म्हणून हे यंत्र हवामान दाखवतं. भिवंडीचं हवामान एकशे दोन."

चूक म्हणून पाहिली तर बघा किती विचार करून केलेली आहे. नुसत्या आळसाने असली चूक होत नाही. पोरांनी ती पाठ केली. मधल्या सुट्टीत माझ्या पहिलीतली चिल्लीपिल्लीसुद्धा ‘भिवंडीचं हवामान एकशे दोन’ म्हणत लंगडी घालायला लागली.

त्यानंतर तपासणी आली. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना आम्ही जुन्या सवयीने दिपोटी म्हणायचो. या वेळी आसपासच्या शाळांतले मास्तरही बोलावले होते आणि त्यांच्यासमोर एक आदर्श पाठ घ्यायचा होता. हेडमास्तरांनी अनंता गुरुजींचं नाव दिलं, कारण व्हरांड्यातली ती यंत्रं दिसायला छान दिसत होती. गुरुजींनी नवा शर्ट शिवला.

फळा आणून व्हरांड्यातच घेतलेला पाठ सुरेख चालला होता. पोरं धडाधड उत्तरं देत होती. वाऱ्याची दिशा झाली, पाऊस कसा मोजतात ते झालं. मग गुरुजींनी तापमापकाकडे बोट दाखवून विचारलं, "भिवंडीचं हवामान किती?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "एकशे दोन."

साहेब खुर्चीवरून उठले. खांबाजवळ गेले, चष्मा वर करून नळी पाहिली, दोरा सोडला. मागे बसलेल्या मास्तरांकडे बघून हसले. मग मनगट दोनदा जोरात झटकलं, पारा सरसर खाली उतरला, आणि ती नळी वर्गाला दाखवत म्हणाले, "हे बघा, झटकलं की बदललं तुमच्या गुरुजींचं हवामान."

मागचे सगळे मास्तर खो-खो हसले. एक तर डोळे पुसत होता. पोरांना काही कळलं नाही. ती साहेबांच्या मनगटाकडे बघत होती, मग गुरुजींकडे. गुरुजी हातात खडू धरून उभे होते. आपल्या फजितीपेक्षा पोरं आपल्याकडे बघतायत हेच त्यांना जास्त लागलं असावं, कारण ते हळूहळू वळले आणि पाठीमागचा कोरा फळा पुसायला लागले. त्या साहेबांबद्दल मी काय बोलू? मोठ्यांची थट्टा मुलांसमोर करू नये एवढं कळायला कुठलीही परीक्षा पास व्हावी लागत नाही.

भिवंडीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. धामणकर नाक्यावर गुरुजींची सायकल दिसली की चहावाला विचारायचा, "क्या मास्टरजी, भिवंडी का बुखार उतरा क्या?" दुसऱ्या शाळेतली पोरं लांबूनच ‘एकशे दोन’ अशी हाक मारून गल्लीत पळायची. गुरुजींनी नाक्यावरून येणं सोडलं. धुळीतून, उकिरड्याच्या कडेने लांबचा रस्ता धरला. वातकुक्कुट काढलं, बाटली काढली, नरसाळं कपाटावर उलटं टाकलं.

मी त्यांना गाठून म्हटलं, "गुरुजी, झालं ते झालं. उद्या वर्गात जा आणि मुलांना सांगा की हे अंगातला ताप बघायचं यंत्र आहे, झटकल्याशिवाय त्यातला पारा उतरत नाही, आणि मी चुकलो. दोन मिनिटांचं काम आहे."

ते म्हणाले, "कंच्या तोंडानं सांगू, बाई?" त्यांनी ‘कंच्या’ सुधारलंसुद्धा नाही, तेव्हा मला कळलं की माणूस फार मोडला आहे.

चार दिवसांनी मी पुन्हा विचारलं, "सांगितलंत का मुलांना?"

"सांगितलं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, पण ते कुणाकडेच बघत नसल्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवला.

एप्रिलमध्ये चौथीची वार्षिक परीक्षा झाली. तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरच्या शाळेचे मास्तर येत, आणि वर्गात शिस्त ठेवायला मला बसवलं होतं. त्या वर्षी एक गोष्ट आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. तुळजाच्या बापाने बायकोला सांगून ठेवलं होतं की पोरीचा पहिला नंबर आला तर पाचवीत घालू, नाहीतर कांडीवर बसवू. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची सुताची नळी. ती भरायचं काम बायका आणि मुलीच करत, आणि तिथे एकदा बसलेली पोर शाळेत परत आलेली मी तरी पाहिली नव्हती.

तुळजा पुढे आली. दोन वेण्या, वर बांधलेल्या. गणितं तोंडी केली, कविता म्हटली. मग त्या मास्तरांनी विचारलं, "हवा आणि हवामान यांत फरक काय?"

"हवा रोज बदलते," तुळजा खणखणीत आवाजात म्हणाली. "हवामान बदलत नाही."

"ठीक. का बदलत नाही?"

"कारण ते झटकायला लागतं," ती म्हणाली आणि साहेबांनी केलं होतं अगदी तस्संच मनगट दोनदा झटकून दाखवलं.

परीक्षक हसायला लागले. त्यांना एकदम ‘एकशे दोन’ची आठवण झाली असावी, कारण त्यांनी मुद्दाम तोच प्रश्न पुढच्याला विचारला, मग त्याच्या पुढच्याला. सगळ्यांचं उत्तर तेच. एकामागून एक पोरं उभी राहत होती, आदबीने उत्तर देत होती आणि हवेत मनगट झटकत होती. त्यांनी तरी काय करावं? आधी त्यांना गुरुजींनी शिकवलं होतं, मग गुरुजींच्याही साहेबांनी शिकवलं होतं, आणि दोन्ही जोडून त्यांनी धडा पुरा केला होता. त्यानंतर कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मी दाराकडे पाहिलं. हसण्याच्या आवाजाने अनंता गुरुजी बाजूच्या वर्गातून येऊन उंबऱ्यावर उभे राहिले होते. एक लहानसा पोरगा उत्तर देऊन त्यांच्याकडे बघून हसला, बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने. गुरुजींनी मान खाली घातली. तपासणीच्या दिवशीही ते लाजले होते, पण त्या दिवशी त्यांचं काय गेलं? थोडी इज्जत. आज जे चाललं होतं ते बघायला नको म्हणून डोळे मिटून घ्यावेत असं मला झालं. मला गुरुजींचा इतका संताप आला की परीक्षा चालू नसती तर मी चारचौघांत बोलले असते.

तुळजाचा दुसरा नंबर आला. पहिला एका मुलाचा आला, त्याला तो प्रश्न विचारायच्या आतच घंटा झाली होती.

सुट्टी लागल्यावर तुळजाची आई मला बाजारात भेटली. म्हणाली, पोरगी कांडीवर बसली, बाई. वडील म्हणतात, मास्तरनी वर्षभर शिकवून पोरीला हवा म्हणजे काय ते सांगता येईना, म्हणजे तिला डोकंच न्हाई. मी तशीच टेमघरच्या पलीकडे जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली.

"तुमी बरोबर याल का, बाई?" त्यांनी विचारलं. "एकट्याचा माझा पाय न्हाय उचलणार."

"मला खोटं का सांगितलंत?"

"तुमच्यापुढं पण लाज वाटली," ते म्हणाले.

मी चपला घातल्या.

लूमच्या कारखान्यात शिरलं की आधी अंगाला ओल लागते. मे महिना असूनही सगळ्या खिडक्या बंद, जमिनीवर पाणी मारलेलं. हवा कोरडी पडली की सूत कडक होऊन तारा तुटतात, म्हणून तिथे मुद्दाम ओल धरून ठेवतात. आत असा खडखडाट की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. नामा आपल्या लूमांमधून फिरत होता. आम्हाला पाहून त्याने नुसती मान हलवली. कोपऱ्यात कांडीच्या यंत्रापाशी तुळजा बसली होती. केसांत कापसाची भुरी जमली होती. गुरुजींना पाहून ती उठून उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी.

गुरुजींनी नामाजवळ जाऊन तोंड उघडलं. काहीतरी बोलले. नामाने कानाला हात लावला. गुरुजी मोठ्याने बोलले. मलाही ऐकू आलं नाही. शेवटी गळ्याच्या शिरा ताणून ते ओरडले, "मी चुकीचं शिकवलं." मला वाटतं, त्या आवाजात त्यांना सोपं गेलं. कुणाला ऐकू येणार नाही असं वाटलं की माणसाला पुष्कळ काही बोलता येतं.

नामाने त्यांच्याकडे पाहिलं. मग हँडल ओढून एक लूम बंद केला, दुसरा केला, तिसराही. त्याची मजुरी मीटरवर, लूम थांबला की पैसे थांबतात. त्या छोट्या कारखान्यातला दुसरा कामगारही काय झालं ते बघायला थांबला आणि त्यानेही आपले लूम बंद केले. एकदम शांत झालं. नामा म्हणाला, "आता बोला, मास्तर."

आणि गुरुजींना ते सगळं पुन्हा, हळू आवाजात, चार लोकांदेखत सांगावं लागलं. ते यंत्र कसलं होतं ते. आपण त्याचा अर्थ कसा लावला ते. साहेबांनी थट्टा केली ती पोरांनी खरी धरली ते. मधे कुणी हसलं नाही, त्यामुळे त्यांना थांबायला कारणच मिळालं नाही. "पोरीनं मी शिकवलं तेच सांगितलं," ते शेवटी म्हणाले. "तिचं काय बी चुकलं न्हाय."

नामा काही बोलायच्या आत तुळजा म्हणाली, "मग गुरुजी, हवामान म्हणजे काय?"

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. फळा नव्हता, पुस्तक नव्हतं. समोर लूमवर ताणलेल्या तारा होत्या. त्यांनी नामाला विचारलं, "आज तारा तुटतायत का?"

"सकाळी लई तुटल्या. पानी मारल्यावर कमी झाल्या."

"ही हवा," गुरुजी तुळजाला म्हणाले. "सकाळची निराळी, आताची निराळी. उद्या आणखी तिसरी. बाहेर बघून सांगता येते." मग पुन्हा नामाकडे वळले. "आणि सोलापुरात कशा तुटतात?"

"तिकडं बारा महिने तरास. कोरडं हाय ना सगळं."

"हे हवामान. सोलापूर समुद्रापासून लांब, म्हणून कोरडं. आपल्याला खाडी जवळ, समुद्र जवळ, म्हणून इथली हवा ओलसर. एखाद्या दिवशी इथंही कोरडी हवा पडते आणि तिकडे पाऊस पडतो, पण तेवढ्यानं हवामान बदलत नाही. पुष्कळ वर्षं बघितल्यावर ते कळतं. एका दिवसात कुठल्याच यंत्रात दिसत नाही."

तुळजा म्हणाली, "म्हणजे बाबांना सोलापूरचं हवामान ठाऊक आहे, आणि मला नुसती इथली आजची हवा."

"अगदी बरोबर," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला.

नामा ऐकत उभा होता. त्याने गळ्यातल्या फडक्याने मान पुसली. "येवढंच हुतं?" त्याने विचारलं. "मला बी कळलं की. मग परीक्षेच्या आदी का न्हाई सांगितलं पोरास्नी?"

"लाज वाटली," गुरुजी म्हणाले.

नामा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो सरळ म्हणाला, "लाज तुमची हुती, मास्तर. कांडीवर माझी पोर बसली."

गुरुजींनी ते ऐकून घेतलं. मान खाली घातली नाही, तोंड भिंतीकडे वळवलं नाही. तुळजा परत कांडीकडे जायला निघाली तर बापाने तिचा दंड धरला, तिच्या केसांतली भुरी झटकली आणि तिला दाराकडे लावलं. म्हणाला, "जा मास्तरांसंगं. आनखी काय काय चुकीचं शिकवलंय ते विचारून घे."

मग त्याने हँडल ओढलं. लूम सुरू झाले आणि पुढचं कुणाचंच ऐकू येईना.